खासगी शाळा, पोहण्याचा संघ आणि नववी : तुम्ही कसं जमवता?

ओला_टॉवेल

नमस्कार मंडळी. इथे वाचते खूप, लिहिते पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक नववीत आहे, चौदा वर्षांची. खासगी शाळेत, शाळेच्या पोहण्याच्या संघात. ब्रेस्टस्ट्रोक, १०० आणि २०० मीटर. आठवड्यातले सहा दिवस पहाटे ५ ते ६:३० पाण्यात, त्यातले तीन दिवस शाळा सुटल्यावर पुन्हा पाऊण तास जमिनीवरचा व्यायाम. गजर ४:४०चा. संध्याकाळी ७ ते ८:३० गणिताचा जादा वर्ग (मागच्या सत्रात गुण घसरले म्हणून), मग जेवण, मग शाळेचा गृहपाठ. झोपायला ११ वाजतात. सातव्या दिवशी बहुतेक वेळा कुठली ना कुठली स्पर्धा.

गेल्या आठवड्यात पालकसभा होती. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण यंदापुरतं पोहणं थांबवा." तिथून उठून प्रशिक्षकांकडे गेले. ते म्हणाले, "यंदा थांबली तर संपलंच समजा." दोघांच्या खोल्या एकाच मजल्यावर, मध्ये फार तर वीस पावलं. माझ्या मुलीबद्दल ते दोघं एकमेकांशी आजवर एकदाही बोललेले नाहीत. आणि गंमत बघा, शाळेच्या फाटकावर तिचा पदक घेतलेला फोटो लावलाय, पण ज्या दिवशी ते पदक मिळालं त्या दिवशीच्या विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात तिला शून्य आहे. कारण : गैरहजर.

काल रात्री पाणी प्यायला उठले तर ही भूगोलाच्या वहीवर डोकं ठेवून झोपलेली. उठवलं तेव्हा गालावर निळ्या शाईत 'अक्षांश' उलटा उमटला होता. हसावं की रडावं कळेना.

थांबवू का? की तुमच्यापैकी कुणी दोन्ही निभावलंय? कसं?

बाकावरचा_शेवटचा

जिव्हाळ्याचा विषय. रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

तिरका_बाण

स्पष्टच लिहितो, राग मानू नका. शाळेच्या संघातून पुढे खेळावर पोट भरणारी मुलं किती? हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि तीही दहा शाळा मिळून. अभ्यासात मधला नंबर आला तरी माणूस नोकरीला लागतो. पाण्यात मधला नंबर म्हणजे टॉवेल घ्या आणि घरी जा. वर्गशिक्षिका बरोबर आहेत. छंद म्हणून आठवड्यातून दोनदा पोहू द्या, अंगाला चांगलं.

सायकलवेडी

@तिरका_बाण, दोन्ही करणारे नसतातच असं नाही ना. एरिक हायडनने १९८०च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्पीड स्केटिंगची पाचच्या पाच सुवर्णपदकं घेतली, नंतर तो हाडांचा डॉक्टर झाला. चार मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस रॉजर बॅनिस्टर, ६ मे १९५४ रोजी ३ मिनिटं ५९.४ सेकंद, तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता.

आणि माझी लाडकी आना कीझेनहोफर! ऑस्ट्रियाची, गणितात डॉक्टरेट. टोकियो ऑलिंपिकची सायकल शर्यत ती सुरुवातीलाच पुढे निघून जिंकली. मागच्या नावाजलेल्या बायकांना ती पुढे आहे हेच ठाऊक नव्हतं. दुसरी आलेली फान फ्लूटेन रेषा ओलांडताना आपणच जिंकलो म्हणून हात उंचावून मोकळी!

तिरका_बाण

नावं मोजकी आहेत म्हणून तर तुम्हाला पाठ आहेत, ताई. हायडनच्या मागे राहिलेल्यांपैकी किती जण डॉक्टर झाले, ती यादी कुणी ठेवलेली नाही.

आणि तुमचा बॅनिस्टर दुपारच्या सुट्टीत पळायचा. पहाटे ४:४०ला उठून नव्हे.

सायकलवेडी

हं. हा शेवटचा मुद्दा मात्र खरा आहे. लागला बाण.

नाणेफेक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अर्धा_हिशेब

मला खेळातलं काही कळत नाही, बेरीज कळते. ताईंनी दिलेले आकडे कागदावर मांडले.

पहाटेचं पोहणं, सहा दिवस दीड तास : ९ तास. जमिनीवरचा व्यायाम, तीन दिवस पाऊण तास : सव्वादोन. एकूण सव्वाअकरा. गणिताचा जादा वर्ग रोज दीड तास, आठवड्यातले पाच दिवस धरले तरी साडेसात. झोप रात्री ११ ते पहाटे ४:४० : ५ तास ४० मिनिटं.

सगळे पोहण्याबद्दल भांडताय. मला खटकला तो शेवटचा आकडा. आणि एक प्रश्न विचारू का, रागावू नका. गणिताचा वर्ग लावायचं कुणी ठरवलं?

गुडघेदुखी

अर्धा_हिशेब यांनी माझं निम्मं काम केलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत शाळकरी खेळाडू भरपूर.

१३ ते १८ वयाला २४ तासांत ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं. त्याहून लहान, म्हणजे ६ ते १२च्या मुलांना ९ ते १२. तुमची लेक रोज किमान सव्वादोन तास मागे आहे. आठ तासांहून कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंना दुखापती जास्त होतात, हे २०१४च्या एका अभ्यासात दिसलंय. मला ते रोज टेबलावर दिसतं.

याउलट सरावाचे तास बघा. आम्ही ढोबळ हिशेब असा धरतो की आठवड्याला जितके तास संघटित सराव, तो आकडा मुलाच्या वयापेक्षा मोठा नसावा. चौदा वर्षांच्या मुलीला सव्वाअकरा बसतात. म्हणजे सराव फार नाही. तो नको त्या वेळी आहे आणि त्यात सुट्टीचा दिवस नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस त्या खेळापासून पूर्ण सुट्टी, आणि वर्षात मिळून तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांत का होईना, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. "सातव्या दिवशी स्पर्धा" म्हणजे सुट्टी नव्हे.

वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. "लवकर झोप, लवकर ऊठ" म्हणून मुलं ऐकत नाहीत त्यात निम्मा भाग शरीराचा असतो, आळशीपणाचा नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१४ साली मोठ्या वर्गांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं म्हटलं. इथे तर पाच वाजता पाण्यात उतरवतात.

जाता जाता : ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, त्या लाथेमुळे. ती म्हणाली तर "ताणलं असेल" म्हणून सोडून देऊ नका.

शिट्टी

मी अशाच एका शाळेत खेळ शिकवतो, सतरा वर्षं झाली. त्यामुळे घरचाच आहेर समजा.

पहाटेच्या सरावामागे कुठलंही शास्त्र नाही. दिवसा तलाव लहान वर्गांच्या तासिकांना लागतो, संध्याकाळी बाहेरच्या सभासदांना भाड्याने दिलेला असतो. उरतं काय? पहाट. मग त्याला 'शिस्त' असं नाव देतात. मीही दिलंय.

दुसरं, दोन खोल्यांमधली वीस पावलं. ती फार लांब असतात हो. वर्गशिक्षिकेची कामगिरी निकालावरून मोजतात, माझी पदकांवरून. तुमच्या मुलीच्या दिवसाचा एकेक तुकडा आम्ही आपापल्या बाजूने ओढतो आणि पूर्ण दिवस कुणाच्याच कागदावर नसतो. वाईट हेतू कुणाचा नसतो. पण माझ्या सतरा वर्षांत गणिताच्या शिक्षकाने माझी तासिका मागून घेतली असं शेकडो वेळा झालं, उलट एकदाही नाही. (हे अवांतर आहे, पण मनात होतं.)

काय करता येतं ते सांगतो. सत्र सुरू व्हायच्या आधी स्पर्धांचं वेळापत्रक आमच्याकडे आलेलं असतं. ते मागा. लेखी मागा. परीक्षांच्या आणि प्रात्यक्षिकांच्या तारखा त्याच कागदावर लिहा. जिथे आदळतात तिथे लाल खूण करा आणि मुख्याध्यापकांना आधीच पत्र द्या, की या दिवशी ती शाळेच्याच वतीने खेळणार आहे, प्रात्यक्षिक दुसऱ्या दिवशी घ्यावं. आधी दिलेल्या पत्राला नाही म्हणणं शाळेला जड जातं. नंतर दिलेलं पत्र 'सबब' ठरतं. त्या शून्याबद्दलही अजून लिहा. फाटकावर फोटो लावलाय ना? मग ती गैरहजर नव्हती, शाळेच्या कामावर होती. हेच वाक्य लिहा.

आणि भेटायला जाल तेव्हा दोघांना वेगवेगळं भेटू नका. एका टेबलावर बसवा. आम्ही एकमेकांसमोर फार समजूतदार होतो.

नाणेफेक

"एकमेकांसमोर फार समजूतदार होतो". हे लग्नालाही लागू आहे का?

शिट्टी

लग्नात उलट असतं.

उसना_ब्लेझर

सगळे शाळा, पालक, तास बोलताय. मी जरा वेगळ्या दाराने आत गेलो होतो, ते सांगतो.

सहावीत असताना बास्केटबॉलमुळे एका महागड्या खासगी शाळेने बोलावून प्रवेश दिला. फी माफ. घरात आनंदीआनंद. गणवेशाचा ब्लेझर मात्र स्वतःचा घ्यायचा होता, तो एका मोठ्या मुलाचा जुना मिळाला, बाह्या दोन वर्षं बोटांपर्यंत यायच्या. फीमाफीच्या कागदावर दोन अटी होत्या : संघात राहायचं आणि गुण ठरावीक रेषेच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. इतर मुलांना खेळ किंवा अभ्यास यांतलं एक बिघडलं तर बोलणी बसायची. माझं एक बिघडलं तर शाळाच जाणार होती.

आठवीत उंची झपाझप वाढली आणि गुडघ्याच्या खाली टेंगूळ आलं. उडी मारून खाली आलं की डोळ्यांपुढे काजवे. प्रशिक्षक म्हणाले, दुखतंय म्हणजे वाढतंय. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला तो कागद पाठ होता. शेवटी जिना उतरता येईना तेव्हा घरी कळलं. त्या रात्री वडील दिव्याखाली बसून फीमाफीचा कागद पुन्हा पुन्हा वाचत होते, तो आवाज न करता घडी घालायचा प्रयत्न अजून कानात आहे.

शाळेने पुढे सांभाळून घेतलं, खोटं बोलणार नाही. एका शिक्षिकेने भांडून माझं वर्ष राखलं. पण लक्षात घ्या, अशा मुलांना 'थांबवू का' हा प्रश्न विचारायचीही सोय नसते. तुमच्या लेकीच्या संघातही एखादं असेल. ते दुखलं तरी सांगणार नाही.

गुडघेदुखी

@उसना_ब्लेझर, तुमचं ते ऑसगुड-श्लॅटर असणार. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू नडगीच्या हाडाला जिथे ओढतो तिथे सुजतं. बहुतेकांचं वाढ थांबल्यावर निवतं, पण तोवर भार कमी करावा लागतो. "दुखतंय म्हणजे वाढतंय" यातला निम्मा भाग खरा आहे, म्हणूनच ते इतकं धोक्याचं.

तिरका_बाण

उसना_ब्लेझर, लिहिलंत ते वाचून थोडा गप्प झालो. माझं मत बदललं नाही, पण 'छंद म्हणून पोहू द्या' हे मी फार सहज लिहिलं.

तोल

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मुलींबद्दल एक गोष्ट इथे कुणी काढलेली नाही म्हणून लिहिते.

मी जिम्नॅस्टिक्स करायचे. अभ्यासातही पहिल्या पाचांत. पंधराव्या वर्षी माझी पाळी सात महिने आली नाही. मी खूष होते, स्पर्धेत अडचण नको! आईला वाटलं अजून नियमित व्हायची असेल. प्रशिक्षकबाईंना वाटलं असं होतंच. डबा निम्मा परत यायचा तो 'वेळ नसतो' या खात्यात जायचा, आणि वेळ खरंच नसायचा. मग पायाच्या हाडाला बारीक भेग गेली. कसलाही अपघात नाही, नुसत्या सरावाने.

खर्च होते तितकी ऊर्जा पोटात जात नसेल तर शरीर एकेक दिवा मालवत जातं. ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला रेड-एस असं नाव दिलं. मुलग्यांनाही होतं, पण मुलींमध्ये पाळी ही निदान खूण तरी असते. ओला_टॉवेल ताई, तुमच्या लेकीला एकदा सहज विचारा. गुणपत्रिकेत ही ओळ नसते.

सायकलवेडी

तोल, लिहिलंस ते फार बरं केलंस.

मागच्या_सीटवरून

मी १७ वर्षांची आहे, अजून शाळेत. हॉकी खेळते. काका-काकू-मावश्या, इतका मोठा धागा झाला आणि त्या मुलीला काय हवंय ते कुणी विचारलेलंच नाही.

अभ्यास कसा करते ते सांगते, कारण ताईंनी तो प्रश्न विचारला होता आणि सगळे झोपेवर गेले. सराव संपल्यावर शाळेच्या बसमध्ये पन्नास मिनिटं असतात. पुस्तक उघडलं की मला मळमळतं. म्हणून पुस्तक बंद. शेजारी जी बसेल तिला मी आज शिकवलेला धडा सांगते. ती पण खेळाडू, तिचे विषय वेगळे, त्यामुळे ती मध्ये मध्ये "म्हणजे काय?" विचारते. जिथे मी अडखळते तेवढं हाताच्या मागच्या बाजूला पेनने लिहिते. घरी गेल्यावर फक्त हातावरचं बघायचं. बाकीचं येतं असं समजायचं. माझे गुण याने वाढले, जास्त बसण्याने नाही.

आणि दमलेलं असताना गणित करू नका. दमलेलं असताना नकाशे रंगवा, तक्ते लिहा, वह्या पूर्ण करा. गणित सुट्टीच्या सकाळी. (सुट्टी मिळाली तर.)

अर्धा_हिशेब

हातावर लिहायची युक्ती आमच्या काळी परीक्षेत वापरायचे. तू ती आधी वापरतेस. पिढी सुधारली.

शिट्टी

मागच्या_सीटवरून, तुझं नाव कर्णधारपदासाठी सुचवतो.

एक भर. प्रशिक्षकांच्या "आत्ता नाही तर कधीच नाही" याला फार घाबरू नका. मीही ते बोलतो आणि मला ठाऊक असतं की मी घाबरवतोय. बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपून घेण्याची गरज नसते. आणि लहान वयातली निवड फसवी असते. निवडीच्या वर्षात जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं, तेच थोराड दिसतं, तेच निवडलं जातं. कॅनडातल्या आइस हॉकीत हे १९८५ साली आकड्यांनिशी मांडलं गेलं, आणि मग जिथे पाहावं तिथे सापडायला लागलं. माझ्याकडची तेराव्या वर्षीची विजेती मुलं सतराव्या वर्षी कुठे असतात ते मी मोजलं नाही, पण यादी काढली तर लाज वाटेल.

नाणेफेक

रुमाल टाकून गेलेले बाकावरचा_शेवटचा अजून परतले नाहीत. रुमाल धुवायला घेऊ का?

ओला_टॉवेल

मंडळी, तीन आठवडे गायब होते, माफ करा. सगळं वाचत होते. अर्धा_हिशेब यांच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माझ्याकडेच बोट दाखवत होतं. गणिताचा वर्ग मी लावला. गुण घसरल्याचं कळलं त्याच संध्याकाळी. तिला न विचारता, फोनवर, पाच मिनिटांत.

शिट्टी सरांच्या सांगण्याप्रमाणे दोघांची एकत्र वेळ मागितली. आठ दिवसांनी मिळाली. मी तिचा अख्खा आठवडा एका मोठ्या कागदावर काढून नेला होता, झोप निळ्या रंगात. वर्गशिक्षिका बघत राहिल्या. "ही ४:४०ला उठते?" त्यांना माहीत नव्हतं. प्रशिक्षकांना संध्याकाळचा वर्ग माहीत नव्हता. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं, तो क्षण काही फार सुखाचा नव्हता.

जमलं ते असं : पहाटेच्या सहा सरावांचे चार झाले. प्रशिक्षकांनी खळखळ केली, पण केलं. स्पर्धेनंतरच्या सकाळी पाण्यात उतरायचं नाही. प्रात्यक्षिक परत घेतलं, शून्य गेलं. सत्राच्या तारखा एकाच कागदावर मिळाल्या, त्यात तीन लाल खुणा निघाल्या. दोन सुटल्या, एकीचं घोंगडं अजून भिजत आहे.

जे जमलं नाही ते : शाळा सकाळी भरते तेव्हाच भरते. सरावाच्या दिवशी झोप आता साडेसहा तासांवर आलीय, उरलेल्या दिवशी आठ. अजून कमीच आहे, गुडघेदुखी, माहीत आहे.

आणि मागच्या_सीटवरून, तुझ्यामुळे तिला विचारलं. गाडीत, पुढे बघत, समोरासमोर बसवून नाही. मला वाटलं होतं ती पोहणं म्हणेल किंवा रडेल. ती म्हणाली, "मला तो गणिताचा वर्ग नकोय. आणि २०० मीटर नकोय. १०० ठेव." २०० कधीपासून आवडत नाही म्हटलं तर म्हणाली, "आधीपासूनच. तू दोनशेच्या पदकाचा फोटो डीपीला ठेवलास म्हणून बोलले नाही."

वर्ग बंद केला. डीपी बदलला. गुण या सत्रात फारसे हललेले नाहीत, ना वर ना खाली. तोल, तुझा प्रश्नही विचारला. ठीक आहे सगळं. पण डब्याकडे आता लक्ष असतं.

तिरका_बाण

डीपीचं वाचून मी माझा बदलला. मुलाचा बुद्धिबळाचा होता.

तोल

❤

बाकावरचा_शेवटचा

आलो, आलो. सविस्तर लिहिणार होतो, पण सगळं लिहून झालंय. एकच विचारायचं होतं, आमचाही पोहायला लागलाय. दप्तरात ओला टॉवेल कोंबतो आणि दोन दिवसांनी उघडलं की भूगोलाची वही फुगलेली आणि वास असा की मांजरसुद्धा फिरकत नाही. काय करता तुम्ही?

ओला_टॉवेल

झिपची वेगळी प्लास्टिकची पिशवी, आणि गाडीत बसल्याबसल्या टॉवेल मागच्या सीटवर पसरायचा. दप्तरात अजिबात नाही. माझं इथलं नाव कशावरून पडलं असं वाटलं तुम्हाला?